मापाच्या पेल्यावरची रेघ

काकांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं. पारदर्शक चिकटपट्टीचं रीळ असायचं. त्याच्या भारानं खिसा कायम ओघळलेला, आणि काकूंनी तो इतक्यांदा शिवला होता की शर्टापेक्षा खिसाच जाड झाला होता. रंगवलेली, छापलेली, लेप दिलेली कुठलीही वस्तू दिसली की काकांचा हात खिशाकडे जायचा. तुकडा तोडायचा, रंगावर चिकटवायचा, अंगठ्यानं घासायचा आणि श्वास रोखून एका झटक्यात ओढायचा. मग तो उजेडात धरून बघायचा. पट्टीवर रंग आला नसेल तर "हं, धरलंय." आला असेल तर घरात कुणी गेल्यासारखा चेहरा. बसचं दार, बँकेची पाटी, मंगल कार्यालयातली खुर्ची, काहीही सुटायचं नाही. एकदा देवळाच्या नव्या रंगवलेल्या खांबावर पट्टी लावताना पुजाऱ्यानं त्यांना पकडलं. मी बरोबर होते. मला मेलीला कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याला म्हैसूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून इथं आले, आणि घरात बसून कंटाळा आला म्हणून लष्कर मोहल्ल्यात काकांच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात काम मागायला गेले. गादीवाला आणि वेल्डिंगवाला यांच्या मधली एक लांबट खोली. आत थिनरचा वास, भिंतीला टेकून ठेवलेल्या जाळीच्या चौकटी, दोरीवर वाळत घातलेल्या लग्नपत्रिका. मला कॉम्प्युटरवर अक्षरं मांडता येतात, चित्रं काढता येतात, असं मी सांगत होते. काका ऐकतच नव्हते. त्यांनी विचारलं, "मराठी ना? मग आपलीच की. येताना गॅस बंद करून आलीस ना, अल्वा?"

"आले."

"नक्की? बघून आलीस, की सुम्ने, उगाच म्हणतेस?"

झालं. काम मिळालं, पण घरी जाताना शेवटच्या वळणापासून मी धावतच सुटले. गॅस बंदच होता. तेव्हापासून आजतागायत मी कुलूप लावल्यावर परत जाऊन शेगडी बघते. नवरा म्हणतो, त्या म्हाताऱ्यानं तुला रोग लावला. लावला हे खरंच आहे.

काकांचं घराणं जुन्या म्हैसूरकर मराठ्यांचं. पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते, हे ते दर नव्या गिऱ्हाईकाला सांगायचे. स्वतः मात्र टांग्याचा घोडा जरा फुरफुरला की फूटपाथ सोडून दुकानाच्या पायरीवर चढायचे. "लाथ मारून सोडला तर काय करायचं गे?" असं मला विचारायचे. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी मिसळलेलं असायचं, आणि माझं सांगलीचं मराठी ऐकून ते म्हणायचे, "तुझं फार धुतलेलं मराठी आहे पोरी. आमचं वापरातलं." मी चिडायचे. मग मुद्दाम पुन्हा तेच म्हणायचे.

छापलेली शाई वाळण्याच्या पायऱ्यांना काकांची स्वतःची नावं होती. वरून उडालेली धूळ चिकटत नाही इतकी वाळली की 'धूळवाळी'. बोट लावलं तर उमटत नाही इतकी झाली की 'हातवाळी'. नखानं ओरखडा उठेना की 'नखवाळी'. आणि सगळ्यात शेवटी, आतपर्यंत पक्की झाली, पट्टीनं ओढून निघेना, की 'पिकली'. "सगळी फसगत हातवाळीत होते," ते म्हणायचे. "दिसायला झाली, हाताला झाली, आणि आत काहीच धरलेलं नाही." हीच नावं ते माणसांनाही लावायचे. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्याच्याशी पाच मिनिटं बोलले आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "धूळवाळा आहे. परवागिल्ला, चालेल, पिकेल." मी ते घरी सांगितलं नाही, हे बरंच केलं.

आता असं वाटेल की हा माणूस मोठा पारखी होता. तसं काही नाही. भाचीसाठी स्थळ बघायला म्हणून सगळे नजरबादला मुलाकडे गेले होते, तिथं पोहे येईपर्यंत काकांनी त्यांच्या नव्या कोऱ्या कपाटाला पट्टी लावली. रंगाचा हा एवढा पापुद्रा निघून आला. मुलाची आई बघतच राहिली. काका बहिणीला सगळ्यांसमोर म्हणाले, "इथं नको. या घरात काही धरत नाही." केवढा गोंधळ! शेवटी भाचीनंच हट्टानं त्या मुलाशी लग्न केलं, आणि ती दोघं आजही दृष्ट लागावी अशी नांदताहेत. काकांना हे कुणी ऐकवलं की ते म्हणायचे, "अजून कुठं झालं आयुष्य?" आणि दर दिवाळीला भाचीला काळजीनं फोन करायचे.

जाळीवरचं भूत हे त्यांचं आणखी एक भय. स्क्रीनची जाळी कितीही धुतली तरी आधीच्या छपाईची पुसट सावली तिच्यात राहते. त्याला धंद्यात भूतच म्हणतात. ती छापताना उमटत नाही, नुसती दिसते. पण ज्या जोडप्याचं मोडलं त्यांच्या पत्रिकेची सावली असलेल्या जाळीवर काका दुसरी पत्रिका छापायचे नाहीत. कोणाचं मोडलं याची खबर त्यांना बरोबर असायची. मग ती चांगली जाळी चौकटीवरून टराटरा फाडायची. काकू म्हणायच्या, "यांना जावयांपेक्षा जाळ्यांची जास्त काळजी." काका म्हणायचे, "जावई मी छापत नाही."

हसू येतं आता. पण त्या माणसाबरोबर रोज काम करणं म्हणजे जिवाला घोर होता, हेही खरं सांगते. त्यांना काळजी करायला कारण लागायचं नाही. कारण मिळालंच तर उलट जरा शांत व्हायचे. आमच्या दुकानाचं पोट लग्नपत्रिकांवर नव्हतं, औषधाच्या पेल्यांवर होतं. खोकल्याच्या, तापाच्या औषधाच्या बाटलीवर उपडा घातलेला प्लॅस्टिकचा छोटा पेला असतो ना, मापाचा, त्यावर 'अडीच', 'पाच', 'दहा' अशा निळ्या रेघा असतात, त्या आम्ही छापायचो. म्हैसूरजवळची एक लहान औषध कंपनी, तिची औषधं आसपासच्या गावांतच जायची. तिचे सगळे पेले आमच्याकडे.

ते प्लॅस्टिक फार लबाड. त्याच्यावर शाई वाळते, पण धरत नाही. म्हणून छापण्याआधी प्रत्येक पेला गॅसच्या ज्योतीवरून झरकन फिरवायचा. वितळेल इतका नाही, नुसती झळ लागेल इतकाच. त्यानं पृष्ठभाग जरासा बदलतो आणि मग शाई पकड घेते. आमच्याकडे त्याला 'आरती' म्हणायचे. "आरती झाली का?" म्हणजे ज्योत दाखवली का. गंमत म्हणजे आरती झालेला पेला आणि न झालेला पेला डोळ्यांना एकसारखाच दिसतो. पाण्याचा थेंब टाकला तरच कळतं. झालेल्यावर पाणी पसरतं, न झालेल्यावर गोळा होऊन बसतं. आरती झाली की लगेच छापायचं, उघड्यावर ठेवायचं नाही, हात लावायचा नाही, धूर लागू द्यायचा नाही, हा नियम. काका ट्रेमधला एखादा पेला उचलून पट्टी लावल्याशिवाय एकही खोका बाहेर जाऊ द्यायचे नाहीत.

एकच दिवस सोडून.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथं आयुधपूजा असते. सगळी यंत्रं, हत्यारं, चौकटी धुऊन पुसून मांडायची, हळदकुंकू, कोहळा, धूप, कापूर. त्यानंतर विजयादशमीला मुहूर्तावर पहिलं काम छापेपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. आणि काकांच्या घरात वडिलांपासून एक रीत होती. पूजेनंतरच्या पहिल्या छपाईला पट्टी लावायची नाही. वर्षाची पहिली रेघ देवापुढं उमटवायची आणि आपल्याच हातानं ओरबाडून काढायची, हे अशुभ. जगातल्या कुठल्याही रंगावर विश्वास नसलेला हा माणूस त्या एका दिवशी देवावर टाकून मोकळा व्हायचा. एरवी पहिलं काम म्हणजे देवळाचं एखादं कॅलेंडर असायचं, त्यामुळं कधी काही बिघडलं नव्हतं.

त्या वर्षी कंपनीनं घाई केली. हवा बदलली होती, खोकल्याची साथ होती, पेले लवकर हवे होते. काकांनी पूजेच्या आदल्या दिवशी पेल्यांची आरती स्वतःच्या हातानं केली आणि छापायला बसणार तोच वीज गेली. ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी पूजा. ट्रे तिथंच, उघडे, आणि समोर धुपाचा लोट आणि कापराची काजळी. विजयादशमीला मुहूर्तावर काकांनी नारळ फोडला आणि तेच पेले छापले. सुरेख उमटले. हातवाळे झाले, नखवाळे झाले. पट्टी लावायची नव्हती, लावली नाही. दुसऱ्या दिवशी खोके गेले.

उरलेले चार पेले आम्ही घरी न्यायचो, तशी पद्धतच होती. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. तिला ताप आणि खोकला. सकाळी मी नेहमीसारखा पेला कढत पाण्यानं धुतला, औषध ओतलं, रेघ बघायला डोळ्यांसमोर धरला, तर रेघ नाही. मला वाटलं उलटा धरलाय. फिरवला. चष्मा लावला. नुसतं कोरं प्लॅस्टिक. भांडी पुसायच्या फडक्यावर निळा कण दिसला. काल संध्याकाळी दिलं तेव्हा रेघ होती का? मी बघून ओतलं, की सवयीनं ओतलं? काही केल्या आठवेना. पोरगी मजेत डोसा मागत होती, नवरा म्हणाला, "अगं, दे अंदाजानं." मी त्याच्यावर अशी खेकसले की पोरगीच रडायला लागली. तिला त्याच्या हवाली केलं आणि पेला पदरात धरून दुकान गाठलं.

काका चौकट धूत होते. मी पेला पुढं केला. त्यांनी तो घेतला, आत बोट फिरवलं, उजेडात धरला. मग त्याच खेपेतला न धुतलेला पेला फळीवरून काढला, खिशातून रीळ काढलं, पट्टी लावली आणि ओढली. 'अडीच', 'पाच', 'दहा' आकड्यांसकट सगळ्या रेघा पट्टीवर आल्या. एकही तुटली नव्हती. पेला असा कोरा की जणू कधी छापलाच नव्हता. एरवी इतकी खात्री करून घेणारा तो माणूस शाईच्या डब्यावर बसला तो उठेचना. मला वाटलं, यांना काहीतरी होतंय.

"धूप," ते शेवटी म्हणाले. "धुपात ठेवून सोडले मी."

"काका, कंपनीला फोन करा."

"करतो." नंबर मीच लावला.

कंपनीच्या माणसाचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. तो कानडीत म्हणाला, माल दुकानांत गेला, एक तक्रार नाही, कुणाचं मूल आजारी पडलेलं नाही, मग सुम्ने कशाला उकरून काढता? काका म्हणाले, रेघ जाते आहे, आई जास्त ओतेल, त्या औषधानं मूल गुंगतं. तो हसला. म्हणाला, "रेघ कोण बघतं हो यजमान? बायका अंदाजानंच ओततात." मी तिथं उभी, सकाळी अंदाजानं ओतायला तयार नसलेली बाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटी त्यानं सांगितलं, तुम्ही बोभाटा केलात तर पेले दुसरीकडे देऊ. काका म्हणाले, "द्या." एवढंच. फोन माझ्या हातात दिला आणि ज्योत पेटवायला गेले.

आम्ही नवे पेले छापले. प्रत्येकाची आरती काकांनी स्वतः केली, आणि त्या दिवशी प्रत्येक पेल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघितला. वेड लागलंय असं गादीवाला दारात येऊन म्हणून गेला. मग विचारून विचारून औषधांच्या दुकानांची यादी केली, आणि पिशव्या भरून आम्ही फिरायला लागलो. लष्कर मोहल्ला, नजरबाद, मग बाहेरची गावं. काकांची पद्धत एकच. दुकानात जायचं, त्या औषधाची बाटली मागायची, खोकं उघडायचं, पेल्याला पट्टी लावायची आणि रेघा काढून दुकानदाराला दाखवायच्या. नजरबादमधल्या एका दुकानदाराला वाटलं सरकारी तपासणी आली. त्यानं आधी चहा मागवला आणि मग घाबरत विचारलं, "यारु नीवु?" काका म्हणाले, "मी कोणी नव्हे हो. रेघ मारणारा." हे कळल्यावर दुकानदारानं चहा परत पाठवला. पण पट्टी बघितल्यावर मुकाट्यानं सगळ्या बाटल्या पुढं केल्या, आणि आम्ही काउंटरवर उभं राहून जुने पेले काढले, नवे घातले.

एका दुकानदारानं मात्र आम्हाला हाकललं आणि कंपनीला फोन केला. संध्याकाळी कंपनीचा फोन आला. काका ऐकत राहिले, "हौदु, हौदु", हो हो, म्हणाले. मग मला म्हणाले, "गेलं काम." काकू पलीकडं चौकट पुसत होत्या. मला वाटलं आता रडारड होणार. काकू म्हणाल्या, "दुकानं किती उरली ते बघा आधी." मी त्या बाईला तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघते.

काम खरंच गेलं. नंतर दुकान पत्रिकांवरच चाललं, कसंबसं. मी पुढं दुसरीकडं लागले, पण सुट्टीला जाऊन बसायची. काका म्हणायचे, "पत्रिका बरी. पत्रिकेनं कुणाचं मूल आजारी पडत नाही." मी म्हणायची, "मोठ्यांची डोकी फिरतात त्याचं काय?" तेवढंच हसू यायचं त्यांना. गेल्या वर्षी ते गेले. दुकान आता गादीवाल्याकडं आहे, तो तिथं कापूस पिंजतो. पण मला काका आठवतात ते पट्टी ओढताना आठवत नाहीत. बैलकुप्प्याला आठवतात.

बैलकुप्पे यादीतलं शेवटचं गाव. तिबेटी लोकांची वस्ती, मोठमोठे मठ. तिथल्या औषधवाल्याकडं त्या औषधाच्या बाटल्या गेल्या होत्या. एरवी बसच्या दांड्याला पट्टी लावणारा माणूस पिशवी मांडीवर घट्ट धरून बसला होता. हुणसूरला बस थांबली तेव्हा मी वडा आणला, तो त्यांनी हातात धरून ठेवला आणि उतरताना तसाच माझ्याकडं दिला. कुठल्यातरी घरात कुणीतरी आई कोरा पेला धरून उभी आहे, असंच सारखं माझ्या डोळ्यांसमोर येत होतं.

औषधवाला भला होता. म्हणाला, दोनच बाटल्या आल्या होत्या. एक मठाच्या दवाखान्यात गेली. ती आम्ही जाऊन बघितली, तिचं झाकण अजून उघडलंच नव्हतं. दुसरी परवा एका बाईनं नेली. बाजारात स्वेटर विकते, घर मागच्या आळीत, लहान मुलगी आहे. "किती लहान?" काकांनी विचारलं. त्यानं हातानं उंची दाखवली. काकांनी माझ्याकडं बघितलं. तेवढीच उंची माझ्या पोरीची.

घर सापडलं. दारावर कापडी पडदा, बाहेर चपला, दोरीवर लहान कपडे. मी हाक मारली. बाई बाहेर आली, तरुण होती, कानडी चांगलं बोलत होती. काकांनी सगळं सांगितलं, पण असं घाबरत घाबरत, तीन वेळा पहिल्यापासून, की तिला काही कळेना. शेवटी मी पेला दाखवला. "हां," ती म्हणाली, आणि आतून तिचा पेला घेऊन आली. कोरा होता. ती हसून म्हणाली, आकडे दुसऱ्याच दिवशी गेले, मग मी अर्धा भरते.

मी हिशेब केला. अर्धा म्हणजे पाच. तेवढ्या मुलीला अडीच द्यायचं असतं. दुप्पट. दिवसातून तीनदा.

"मगु, मूल कुठं आहे?" काका म्हणाले.

"झोपली आहे."

दुपारचे बारा वाजले असतील. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारची पोरं आरडाओरडा करत सायकलचं चाक पळवत होती.

"केव्हापासून झोपली?"

"सकाळी औषध दिलं तेव्हापासून. या औषधानं छान झोपते." तिच्या तोंडावर समाधान होतं. औषध आणण्याआधी दोन रात्री खोकल्यानं पोर झोपली नव्हती, तीही झोपली नव्हती.

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी आयुष्यभर ज्या गोष्टींची काळजी केली, त्यातली एकही खरी झालेली नव्हती. गॅस पेटला नव्हता, घोड्यानं लाथ मारली नव्हती, भाचीचं मोडलं नव्हतं. आता हे दार, हा पडदा आणि आत झोपलेलं पोर. ते म्हणाले, "उठवा."

"एब्बिसबेडी," बाई म्हणाली. उठवू नका. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"उठवा हो. तुमच्या पाया पडतो, उठवा."

ती आता चिडली. कोण हा म्हातारा, घरी येऊन पोराला उठवा म्हणतो? तिनं दार अडवलं. काका खरंच वाकले, हात तिच्या पायांकडं गेले, ती दचकून मागं सरली, आणि तेवढ्यात मी तिच्या बाजूनं आत शिरले. शिरले म्हणजे घुसलेच. मला परवानगी बिरवानगी काही सुचलं नाही. कोपऱ्यात गादीवर पोर पडली होती, तोंड उघडं, कपाळाला केस चिकटलेले. मी तिचा गाल हलवला. काही नाही. खांदा हलवला. मान नुसती कलंडली. मी तिला उचलून कवेत घेतलं, पाठीवर जोरात थोपटलं, आणि सांगलीच्या मराठीत ओरडले, "ऊठ गं बाई, ऊठ! ऊठ ना!"

तिनं डोळे उघडले. अनोळखी बाई बघितली. ओठ काढले, श्वास आत घेतला, आणि असा टाहो फोडला की सायकलचं चाक पळवणारी पोरं दारात जमा झाली.

आई धावत आली आणि तिनं पोरगी माझ्याकडून हिसकावून घेतली. मग तिचा तोंडाचा पट्टा सुटला. कानडीत, तिबेटीत, मिळेल त्या भाषेत. किती दिवसांनी पोर झोपली होती, तुम्हाला काय अधिकार, बाहेर व्हा, औषधवाल्याला सांगते, मठात सांगते. पोरगी तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत आणखी मोठ्यानं रडत होती, पाय झाडत होती, मुठी मारत होती. काका दाराच्या उंबऱ्यावर मटकन खाली बसले होते. हात जोडलेले, गालांवरून पाणी वाहतंय, आणि त्या बाईच्या प्रत्येक शिवीला मान हलवून म्हणताहेत, "हौदु अम्मा. हौदु. खरं आहे. बोला, अजून बोला."